'स्थानधारक' की 'अमुक'?

सांगलीत संगणकाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. लिनक्सच्या आज्ञांची मराठी पुस्तिका त्या तयार करताहेत. 'सीपी <जुनी-फाईल> <नवी-फाईल>' अशा, फाईलची नक्कल करायच्या, ओळीत आपापल्या फाईलचं नाव घालायचं असतं, त्या शब्दाला 'स्थानधारक' म्हणावं का? पोरं कंसासकट तसंच टाइप करतात.

'स्थानधारक' नको. वाचल्यावर कुणी पदाधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्याकडे रुळलेला शब्द आहे: अमुक. पूजेच्या पोथीत संकल्पाला 'अमुकगोत्रोत्पन्नः' छापलेलं असतं. गुरुजी तिथं थांबतात, यजमानाकडे बघून 'गोत्र?' विचारतात. वाईला आमच्याकडे एकदा गुरुजी आलेच नाहीत. काकांनी स्वतः पोथी धरली आणि ते 'अमुक' खणखणीत आवाजात तसंच म्हणून मोकळे झाले. आजी म्हणाली, "अरे, पुण्य कुणाच्या खात्यावर टाकलंस?" पोरांचं तेच झालंय. म्हणून <अमुक-फाईल> असंच छापा. अमुक दिसलं की मराठी माणूस आपलं नाव शोधायला लागतो.

काकांचं निभावलं, टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रॅमसमोर निभत नाही. तिथं < म्हणजे या फाईलमधून वाच, > म्हणजे त्या फाईलमध्ये लिही. वरच्या ओळीत > नंतर फाईलचं नाव यायचं तर पुन्हा < येतो आणि ते अडून बसतं. गणितात ही 'पेक्षा लहान-मोठे'ची चिन्हं. इथं मी त्यांना टोकदार कंस म्हणेन.

बाकीचे कंस शाळेतलेच. चौकटी कंसातलं ऐच्छिक. महिरपी कंसात उभ्या रेघेनं तोडलेले पर्याय असतील, तर त्यातला एकच घ्यायचा. सरकारी अर्जावरचं 'लागू नसेल ते खोडा', तेच हे. तीन टिंबं म्हणजे आधीचं पुन्हा पुन्हा देता येतं.

इंग्रजी मॅन पानांत, म्हणजे आज्ञांच्या माहितीपानांत, जसंच्या तसं टाइप करायचं ते ठळक आणि बदलायचं ते तिरपं, असा रिवाज आहे. ठळक जरूर ठेवा. तिरप्याच्या नादी लागू नका: देवनागरीत शिरोरेघ आडवीच राहते, काने तेवढे कलतात आणि अक्षर वाऱ्यानं झुकलेल्या ज्वारीसारखं दिसतं.

हो, ती उभी रेघ. अभंग-ओव्या वाचलेल्या डोळ्यांना ती दंडासारखी दिसते, वाक्य संपलंसं वाटतं. तिच्या दोन्ही अंगांना थोडी मोकळी जागा सोडा.