कमेंट कोणासाठी उघडी ठेवायची

ताई, संत्रा बर्फीच्या ऑर्डर फेसबुकवरून घ्यायच्या तर पोस्ट सार्वजनिकच लागेल, इतवारीपासून हिंगण्यापर्यंतच्या गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. पण दिसते म्हणून प्रत्येकाला खाली लिहू द्यायलाच हवं असं नाही. २०२१ पासून सार्वजनिक पोस्टवर कमेंट कोण करेल हे वेगळं ठरवता येतं: सगळे, फक्त मित्र, किंवा तू पोस्टमध्ये ज्यांचा उल्लेख केलास तेवढेच. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत सापडेल. धंद्याची पोस्ट उघडीच ठेव, भाव विचारणारे तिथेच येतात. मुलांचे फोटो मात्र सार्वजनिक टाकूच नकोस, हे माझं ठाम मत.

इन्स्टाग्रामवर नात्यातलंच कोणी टोचून लिहीत असेल तर ब्लॉकची घाई नको. ते त्याला कळतं आणि पुढे लग्नकार्यात भेटायचंच असतं. 'रिस्ट्रिक्ट' कर. मग त्याची नवी कमेंट त्याला दिसते, पण तू मंजूर केल्याशिवाय इतरांना नाही. शिव्यांचे शब्द सेटिंग्जमधल्या 'हिडन वर्ड्स'च्या यादीत घाल, म्हणजे ते शब्द असलेल्या कमेंट लपतात; मराठी-हिंदी दोन्ही, रोमन लिपीतलेही. आपल्याकडे बरेच जण तसंच टाइप करतात.

धमकी आली तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेव. सायबर पोलिसांकडे पुरावा म्हणून तो लागतो.