एखाद्या देशाचा खाद्यतेलाचा दरडोई पुरवठा वाढला म्हणजे लोक तेवढं तेल खातात का?

नाही, असं थेट नाही म्हणता येत. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आकड्यांत जो 'पुरवठा' दिसतो तो हिशोबाने काढलेला असतो, म्हणजे देशातलं उत्पादन अधिक आयात, त्यातून निर्यात, साठ्यात गेलेला माल, साबण-बायोडिझेलला वापरलेलं तेल वगैरे वजा करायचं आणि उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं. कोणी कोणाच्या ताटात डोकावून मोजत नाही. तळून झाल्यावर फेकून दिलेलं तेलपण त्यातच धरलेलं असतं!

बाकी ट्रेंड म्हणाल तर 1961 पासूनचे आकडे आहेत आणि बऱ्याच देशांत रेघ वरच जाते, कारण पाम आणि सोयाबीन तेल स्वस्तात मिळायला लागलं, शिवाय बिस्किटं, वेफर्स, इन्स्टंट नूडल्समधलं तेल, जे आपण स्वतः ओततच नाही त्यामुळे लक्षातही येत नाही. अंदाज यावा म्हणून, वर्षाला माणशी 10 किलो म्हणजे दिवसाला साधारण 27 ग्रॅम, जवळपास 240 कॅलरी.

आणि हो, ग्राफ काढणार असाल तर जपून, एफएओच्या आकड्यांची जुनी मालिका 2013 ला संपते, नवी 2010 पासून सुरू होते आणि दोन्हींची पद्धत वेगळी आहे, सरळ जोडली तर मध्येच उडी दिसू शकते, ती खाण्यातली नसून हिशोबातली असते.