क्वांटम शिकायला घेतोयस? मग हे आधी वाच

‘क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासतो’ हे व्हिडिओवाल्यांचं वाक्य आधी डोक्यातून काढ. मोजलं की हाती एकच उत्तर लागतं. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी रचना करण्यातच खरी कारागिरी आहे. ती मोजक्याच प्रश्नांत जमलीय. गणितज्ञ पीटर शोरच्या १९९४च्या रीतीने मोठ्या संख्येचे अवयव झटपट पडतात; यादीत हवी ती नोंद शोधायच्या ग्रोव्हरच्या रीतीत मात्र फायदा वर्गमुळाइतकाच, दहा लाख नोंदींना आठशेच्या आसपास फेऱ्या. शिवाय क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले बिट, भलतेच नाजूक. गूगलच्या विलो चिपवर ते १०५ आहेत. आरएसए-२०४८ हे मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर टिकलेलं सांकेतिक कुलूप फोडायला २०२५च्या अंदाजानेही दहा लाखांच्या घरात लागतील. तेव्हा नोकरीच्या आशेने महागडा कोर्स घेऊ नकोस. मॅट्रिक्स पक्क्या कर. किस्किट हे क्वांटम प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवरच्या नकली यंत्रात दोन क्यूबिटची बेल अवस्था, म्हणजे दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळलेली जोडी, बनव: ०० आणि ११ साधारण निम्मे-निम्मे, ०१ कधीच नाही. मग तेच खऱ्या क्वांटम यंत्रावर हजारदा चालव. क्यूबिट नाजूक, म्हणून ०१ डोकावेलच.