हजेरीपटावरची तांबडी खूण : पालकांच्या आणि शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे

बेळगाव, खानापूर आणि चिकोडी भागातील कॅथलिक माध्यमिक शाळांमध्ये आज कॅथलिक मुलांबरोबर मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील इतर धर्मांची मुलेही मोठ्या संख्येने शिकतात. बेळगाव कॅम्पमधील सेंट पॉल्ससारखी शाळा १८५६ सालची; म्हणजे १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत (बिशपांच्या देखरेखीखालचा चर्चचा विभाग) स्थापन होण्याच्या जवळजवळ शतकभर आधीची. त्यामुळे या शाळांची शिस्त आपल्याकडील घराघरांत ठाऊक आहे. मात्र हजेरीचा विषय निघाला की सरकारचा नियम कोणता, शाळेची रीत कोणती आणि चर्चची अपेक्षा कोणती, यांची पालकांच्या मनात सरमिसळ होते. वर्गशिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षे हजेरीपट हाताळल्यामुळे या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगणे मला आवश्यक वाटते.

माझी मुलगी दहावीत आहे. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला आणि एकूण ३८ दिवस शाळा बुडाली. आता हजेरी ६८ टक्के असल्याचे पत्र शाळेकडून आले आहे. तिला एसएसएलसीला (दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला) बसू देणार नाहीत का? (एक आई, येळ्ळूर)

ताई, घाबरून जाऊ नका, पण ते पत्र बाजूलाही ठेवू नका. एसएसएलसी परीक्षेला बसण्यासाठी किमान ७५ टक्के हजेरी लागते. ही अट कर्नाटक राज्याच्या परीक्षा मंडळाची आहे. शाळा कॅथलिक असो, सरकारी असो किंवा अन्य कोणत्याही संस्थेची असो, मुख्याध्यापकांना ती मोडता येत नाही. २०२३-२४ पासून दहावीला वर्षात एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा देण्याची सोय झाली, म्हणून हजेरीची अट सुटली असा समज काही घरांत झाला आहे. तो चुकीचा आहे.

आता हिशेब पाहा. शाळेने आजवर १२० दिवस काम केले असेल, तर मुलगी ८२ दिवस हजर आहे आणि म्हणूनच आकडा ६८ टक्के येतो. पण टक्केवारी अखेर पूर्ण वर्षाची धरली जाते. दहावीच्या वर्गाचे वर्षभराचे कामाचे दिवस २०० धरले, तर १५० दिवसांची हजेरी पुरते. पुढच्या ८० दिवसांपैकी ती ६८ दिवस आली तरी अट पूर्ण होते. याचा अर्थ तिच्या हातात अजून १२ दिवस आहेत, त्याहून जास्त नाहीत. तुमच्या शाळेचे कामाचे दिवस नेमके किती, हे वर्गशिक्षकांना विचारून याच पद्धतीने कागदावर मांडा. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुटी दिली असेल, तर ते दिवस तिची गैरहजेरी म्हणून धरले जात नाहीत.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रक्ततपासणीचा अहवाल आणि दवाखान्याची कागदपत्रे अर्जासोबत आजच मुख्याध्यापकांकडे द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाण्याची वेळ आली, तर वेळेवर दिलेल्या कागदांना वजन असते. फेब्रुवारीत धावपळ करून आणलेले प्रमाणपत्र खरे असले तरी त्याकडे संशयाने पाहिले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. शाळेलाही माझे सांगणे आहे की १५ दिवसांची गैरहजेरी झाली तेव्हाच घरी फोन जायला हवा होता.

आम्ही हिंदू आहोत. मुलाच्या शाळेत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवले, तर गैरहजेरी लागते. मिस्सेला बसणे सक्तीचे आहे का? (एक पालक, वडगाव)

सक्तीचे नाही, आणि ते तसे नसावे असे भारताचे संविधान सांगते. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याची मान्यता किंवा राज्याच्या निधीतून मदत असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल, तर ही संमती पालकांची लागते. अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे, त्यामुळे शाळेने आपल्या आवारात मिस्सा ठेवण्यात काहीच वावगे नाही. दोन्ही अनुच्छेद एकाच वेळी पाळता येतात आणि चांगल्या शाळा ते पाळतातच. चर्चचा स्वतःचा कायदाही याच बाजूचा आहे: १९८३ च्या कॅनन लॉच्या ७४८ व्या कलमानुसार कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडणे कधीही योग्य नाही.

पण मुलाला घरी ठेवण्याचा तुमचा मार्ग मला पटत नाही. तासाभराच्या मिस्सेसाठी पूर्ण दिवस बुडतो, त्या दिवशीचे गणित आणि विज्ञान जाते आणि गैरहजेरी लागते ती नियमाप्रमाणेच लागते. त्याऐवजी मुख्याध्यापकांना दोन ओळींचे पत्र द्या: आमचा मुलगा उपासनेत भाग घेणार नाही, त्या वेळेत त्याला मूल्यशिक्षणाच्या तासाला किंवा वाचनालयात बसवावे. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतर मुलांना मूल्यशिक्षण, असे दोन वर्ग एकाच तासाला भरवण्याची पद्धत या शाळांत जुनी आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला हजर राहण्याची अपेक्षा शाळा ठेवू शकते, कारण तो उपासनेचा भाग नाही.

सकाळच्या प्रार्थनेचाही प्रश्न अनेकांनी विचारला आहे. प्रार्थना चालू असताना मुलाने गप्प, आदराने उभे राहणे पुरेसे मानले जावे, असे माझे मत आहे. केरळमधील तीन शाळकरी मुले आपल्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, मात्र ते चालू असताना आदराने उभी राहत होती. म्हणून शाळेतून काढलेल्या या मुलांना परत घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला होता. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे पुरेसे ठरले, ते शाळेच्या प्रार्थनेच्या बाबतीत अपुरे कसे ठरेल?

आमच्या गावाहून सकाळची एकच बस आहे. ती भरून येते आणि कधी थांबतच नाही. मुलगी अर्धा तास उशिरा पोहोचली, तर फाटक बंद असते आणि तिला परत पाठवतात. (एक पालक, खानापूर तालुका)

उशिरा आलेल्या मुलीला फाटकातून परत पाठवणे मला कोणत्याही शिस्तीच्या नावाखाली मान्य नाही. घरी परत जायला दुपारपर्यंत बस नसते आणि चौदा वर्षांची मुलगी तोवर रस्त्यावर उभी असते. शाळेने तिला आत घ्यावे, उशिराची नोंद करावी आणि पहिला तास बुडाला एवढेच मानावे. हजेरी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा घेतली जाते. सकाळचे नाव पुकारून झाले असले, तरी दुपारची हजेरी तिची आहेच.

११ जून २०२३ रोजी महिलांसाठी मोफत प्रवासाची शक्ती योजना सुरू झाल्यापासून बसमधील गर्दी वाढली आहे. आयाबहिणींना त्याचा खरा लाभ झाला, हे मान्य. पण जादा गाडी सुटल्याशिवाय मुलांची अडचण सुटणार नाही. एकट्या पालकाच्या अर्जाने काही हलत नाही. तुमच्या मार्गावरून किती मुले येतात, कोणत्या थांब्यावर बस कोणत्या तारखांना थांबली नाही, याची नोंद पंधरा दिवस ठेवा, आणि शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र परिवहन मंडळाच्या आगार व्यवस्थापकांना द्यायला मुख्याध्यापकांना सांगा.

गौरी-गणपतीला आम्ही पाच दिवस चंदगडला मूळ गावी जातो. नाताळला मात्र शाळा दहा दिवस बंद असते. हा भेदभाव नव्हे का? (एक पालक, शहापूर)

भेदभाव नव्हे. नाताळची सुटी घेणाऱ्या शाळा शिक्षण खात्याच्या परवानगीने ते दिवस दसऱ्याच्या सुटीतून कमी करून घेतात, त्यामुळे कामाच्या दिवसांची बेरीज सारखीच राहते. गणपतीसाठी आधी अर्ज देऊन रजा घ्या. आठवी-नववीत पाच दिवसांनी बिघडत नाही. दहावीत मात्र दोन दिवसांवर आटोपते घ्यावे.

मी कॅथलिक आहे. रविवारी मिस्सेला न आलेल्या मुलांना सोमवारी वर्गात उभे करून विचारतात. हे बरोबर आहे का? (एक वडील, सांतिबस्तवाड)

नाही. रविवारची मिस्सा हे कॅनन लॉच्या १२४७ व्या कलमाने घातलेले कर्तव्य आहे, आणि त्याकडे लक्ष देणे हे तुमचे आणि धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांचे काम आहे. प्रथम कम्युनियन किंवा दृढीकरण या मुलांच्या धर्मसंस्कारांच्या तयारीसाठी धर्मग्राम स्वतंत्र हजेरी ठेवू शकते. ती वही शाळेच्या वर्गात येऊ नये. फादरांशी शांतपणे बोला. बहुतेक वेळा हा एखाद्या उत्साही शिक्षकाचा अतिरेक असतो आणि फादरांना त्याची कल्पनाही नसते.

माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा दिवाळीनंतर प्रत्येक शनिवारी गैरहजर असतो. दोनदा पालकांना चिठ्ठी पाठवली, उत्तर आले नाही. पुढे काय करावे? (एक वर्गशिक्षिका, बेळगाव तालुका)

बाई, त्याच्या नावापुढची ओळ आडवी वाचा. मी पूर्वी अशाच एका मुलाची ओळ वाचली होती: सोमवार ते शुक्रवार हजर आणि दर शनिवारी गैरहजेरीची तांबडी खूण. आजार वार पाहून येत नाही. शुक्रवारी दुपारी मी त्याची वही तपासायला मागितली, तेव्हा पानांच्या कडांना तांबडी माती लागलेली होती आणि त्याच्या नखांत रताळ्याचा चीक काळा पडून बसला होता. आपल्याकडे पश्चिम भागात रताळी काढायचे ते दिवस असतात. शुक्रवारी रात्री काढलेली, धुतलेली रताळी पोत्यांत भरून पहाटे बाजारात न्यायची आणि पोती उतरवायला दुसरा हात घरात नव्हता. त्याच्या वडिलांना वाचता येत नव्हते. माझ्या दोन्ही चिठ्ठ्या देव्हाऱ्याच्या मागे जपून ठेवलेल्या होत्या.

तुमच्या मुलाच्या घरीही बहुधा असेच काही असेल, म्हणून तिसरी चिठ्ठी पाठवू नका. शुक्रवारी शाळा सुटल्यावर स्वतः त्याच्या घरी जा, आणि शक्य असेल तर त्या गावच्या एखाद्या शिक्षकाला बरोबर घ्या. दंडाची किंवा नाव काढण्याची भाषा तिथे करू नका. हंगाम किती आठवडे उरला आहे ते विचारा, आणि शनिवारी शाळा सकाळची असते हे सांगून मुलाऐवजी पोती उतरवायला चुलता किंवा शेजारी मिळेल का, हे त्यांच्याबरोबर बसून पाहा. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून दोन्ही घरांची पोती एकाच टेम्पोतून जाऊ लागली. मधल्या तीन शनिवारांचा अभ्यास मी त्याच्याकडून मधल्या सुटीत करून घेतला. तुमच्या मुलाचे जितके शनिवार बुडाले, त्यांत कोणते धडे झाले याची यादी जाताना सोबत न्या.