'पापा मिटकॉमन' म्हणणारा मुलगा

जर्मनीतल्या मराठी आईवडिलांकडून एक काळजी मी सतत ऐकते: "किटामध्ये (पाळणाघर-बालवाडीत) मुलाचं जर्मन चुकतं. घरी मराठी बंद करू का?"

श्टुटगार्टच्या एका आईने तर ती बंद केलीही होती. साडेतीन वर्षांचा मुलगा 'पापा कॉम्ट मिट' (बाबा सोबत येतोय) ऐवजी 'पापा मिटकॉमन' म्हणे. "क्रियापद शेवटी टाकतो, ताई. आमच्या मराठीमुळेच ना?" ती प्रत्येक वाक्य दुरुस्त करायची. हळूहळू तो तिच्याशी बोलेनासाच झाला.

मी म्हटलं, दुरुस्ती थांबवा. तो जे बोलेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा.

वही आली. 'मामा टे ट्रिंकन', 'मामा ट्रिंक्ट टे', 'आउटो हाबन', 'पापा कॉम्ट'. जर्मनमध्ये 'मामा' म्हणजे आई, 'टे' चहा, 'ट्रिंकन' पिणे, 'आउटो हाबन' गाडी हवी असणे.

"'ट्रिंकन' कुठे आहे?"

"शेवटी."

"आणि 'ट्रिंक्ट'?"

ती पानावरून बोट फिरवत राहिली. "मामाच्या लगेच पुढे... 'कॉम्ट'सुद्धा तसंच! म्हणजे त्याला कळतंय?"

मुलांच्या भाषेच्या या कामातला हा क्षण मला फार प्रिय आहे. क्रियापदाचं मूळ रूप ('ट्रिंकन') शेवटी, कर्त्याप्रमाणे बदललेलं रूप ('ट्रिंक्ट') दुसऱ्या जागी. यात मुलं क्वचितच गोंधळतात. नियम कुणी शिकवत नाही, मूल तो ऐकून स्वतः बांधतं. मराठीचा गंध नसलेली जर्मन मुलंही दोन वर्षांची असताना असंच बोलतात. मोठी माणसं त्यांना 'विल्स्ट डू टे ट्रिंकन?' (तुला चहा प्यायचाय का?) विचारतात, आणि शेवटचा शब्द कानात राहतो. मानहाइमच्या भाषाशास्त्रज्ञ रोझमारी ट्रेसी यांच्या अभ्यासात तिसऱ्या-चौथ्या वर्षी जर्मन ऐकू लागलेली मुलंही याच पायऱ्या चढताना दिसली. म्हणून मी ठामपणे सांगते: चूक मोजू नका, तिच्यातला नियम शोधा.

घरी मराठीच बोला, भरपूर बोला. तो 'पापा मिटकॉमन' म्हणाला तर "हो, बाबा पण येणार आहे" म्हणून गप्पा पुढे न्या. जर्मन किटातून येईल. पुढे 'गेगांगन' (गेला) या अनियमित रूपाऐवजी 'गेगेट' ऐकू येईल. तेव्हाही धीर धरा, तो नियम लावून बघतोय.

त्या घरी मराठी परतली. काही महिन्यांनी आईचा मेसेज आला: 'वाइल इश म्यूडे बिन' (कारण मी दमलोय) म्हणाला! 'वाइल'नंतर क्रियापद ('बिन') शेवटीच हवं, आणि त्याने ते तिथेच ठेवलं होतं.

मात्र तीन वर्षांचं मूल मराठीतही दोन-तीन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या.