नेपोलियनकालीन लढाया समजून घेण्यासाठी संगणकावरचा युद्धखेळ बरा की टेबलावरचे छोटे सैनिक?

सेनापतीचा संभ्रम अनुभवायचा असेल तर संगणकावरचाच खेळ घ्यावा, कारण टेबलावर टेकडीमागे दडवलेले राखीव घोडदळ प्रतिस्पर्ध्याला खुर्चीतून उठताच दिसते, तर संगणक ते नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत लपवून ठेवतो. अडचण जुनीच आहे: प्रशियात १८२४ साली राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने मांडलेल्या क्रीगस्पील या टेबलावरच्या युद्धखेळात कोणाला काय दिसते हे तिऱ्हाईत पंच ठरवीत असे. मात्र पायदळाने चौकोन रचल्यावर घोडदळ का अडते आणि तोच दाटीवाटीचा चौकोन तोफांना आयता का सापडतो, हे फासे टाकून स्वतः हिशेब केल्यावर जसे उमगते तसे पडद्यावर उमगत नाही, असा दोन्ही प्रकार वर्षानुवर्षे खेळून आलेला माझा अनुभव आहे. टेबलाकडे वळलात, तर २८ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरचे सैनिक घ्यावेत. रंगकाम पुष्कळच आटोपशीर होते.