वाचकांचे प्रश्न : सगळीच नखं खरखरीत का होतात?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. वर्षभरापासून हातांची सगळी नखं निस्तेज, खरखरीत झालीत. उभ्या रेघा आहेत, टोकं तुटतात. आता पायांचीही तशीच दिसू लागलीत. तीन महिने बुरशीचं मलम लावलं, कॅल्शियम दिलं. फरक नाही.

उत्तर : वर्णनावरून हा ट्रॅकिओनिकिया, म्हणजे नखं खरखरीत होण्याचा विकार वाटतो. नख कातडीखालच्या मुळाशी तयार होतं. तिथे सौम्य दाह असला की ते काचकागदाने घासल्यासारखं बाहेर येतं. कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही, ते थांबवा.

बुरशी सहसा पायाच्या एखाद्या नखापासून सुरू होते. नख पिवळं, जाड होतं, खाली भुसा साठतो. एकदम सगळी नखं ती क्वचितच धरते. तरी शंका असेल तर नखाची खरवड केओएच तपासणीला (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायला) द्या, पण मलम बंद करून काही आठवड्यांनी. नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. रिपोर्टाआधी बुरशीच्या गोळ्या मात्र नकोत.

बऱ्याचदा कारण सापडतच नाही. काहींना मात्र चाई (चट्ट्याचट्ट्याने केस गळणं), सोरायसिस, लायकेन प्लानस (खाजऱ्या जांभळट पुरळांचा त्वचारोग) किंवा एक्झिमा असतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना नुसती नखं दाखवू नका; टाळू, कोपर, गुडघे आणि गालांची आतली बाजूही तपासून घ्या. नख पातळ होत जाऊन मुळाची कातडी त्यावर चढू लागली तर थांबू नका, तिथे कायमचा व्रण राहू शकतो.

एरवी घाई नको. बऱ्याच मुलांची नखं काही वर्षांत आपोआप सुधारतात. अंघोळीनंतर, नखं मऊ असताना ती सरळ कापा, कानस एकाच दिशेने फिरवा, रात्री व्हॅसलीन चोळा. क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मलम मनाने लावू नका. महिनोन्‌महिने लावलं तर बोटाची कातडी पातळ होते. डॉक्टरांनी दिलंच तर ते मुळाशी लावायचं, वर आलेल्या नखावर नाही. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे नवं नख पूर्ण यायला सहा महिने. पंधरा दिवसांत औषध बदलणाऱ्यांना गुण कधी कळतच नाही!

प्रश्न : नखांसाठी मोठ्यांनी बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) घ्यावं का?

उत्तर : पुरावा तोकडा आहे. घेत असाल तर रक्ततपासणीआधी सांगा; मोठ्या मात्रेने थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.